व्हॉल्व्ह वाजतो तोवर

३ मार्च

रक्ताची तपासणी तीनशे रुपयांची. पण वर्धेला जायचं म्हणजे दुकान दिवसभर बंद. जळालेल्या दोन पंपाच्या मोटारी समोरच्या निकेशच्या दुकानात जातात अन् त्यातलं एक गिऱ्हाईक तिथंच रमतं. म्हणजे तपासणी मला एका गिऱ्हाइकाला पडते. एवढी महाग तपासणी नोव्हेंबरपासून केलेली नाही.

गरजही नाही. छातीत धातूचा व्हॉल्व्ह बसवला त्याला सहा वर्षं झाली. टिकटिक वाजतो. त्याच्यावर रक्त गोठू नये म्हणून पातळ ठेवायची गोळी. गोठलं तर आवाज दबतो — ऑपरेशनवाल्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं. आवाज स्वच्छ, म्हणजे हिशोब बरोबर. जळालेल्या मोटारीत तार भरता भरता दोन मजले बांधले, ते या कानांवर. बांधावरून मोटार ऐकतो अन् न उघडता रोग सांगतो. अख्ख्या अल्लीपुरात असा कान दुसरा नाही!

९ मार्च

ताप. चार दिवस पोटात पाणी अन् साखर, बस. गोळी मात्र एकदाही चुकवली नाही.

बायको आनंदा म्हणते, "अवं, टीव्ही इतका मोठा काऊन करता? ताप तुमाले आला, डोकं माहं दुखून राह्यलं."

१३ मार्च

ताप गेला. लघवी बिनदुधाच्या चहासारखी. उष्णता असेल.

रूपरावची मोटार परत आली — बेअरिंग जाम होऊन जळाली. म्हणे, "भाऊ, बेअरिंग ठणठणीत हाय, असं तुम्हीच तं कान लावून सांगतलं होतं." व्होल्टेजवर ढकललं. चहा पाजला.

१६ मार्च

पायात चप्पल जाईना, इतकी सूज. रोशनी वर्धेहून गाडी घेऊनच आली. पोरगी वाद घालत नाही, सरळ दार उघडून उभी राहते.

१७ मार्च

दवाखान्यात. पाहिजे त्याच्या तिप्पट पातळ झालंय रक्त. किडनी किती बिघडली ते सांगणारा आकडा, क्रिएटिनिन, पाच. नोव्हेंबरात एक होतं.

डॉक्टरीणबाई रोशनीच्याच वयाच्या. म्हणाल्या, "काका, तापात जेवण बंद अन् गोळी चालू, त्यानं रक्त इतकं पातळ झालं की किडनीच्या जाळीतून झिरपलं आणि आतल्या बारीक नळ्या चोंदल्या." ठिबकच्या नळ्या चोंदतात तसं, मी म्हटलं. तसंच, त्या म्हणाल्या. त्यांच्या मते हे फार क्वचित होतं.

"मग चिठ्ठीत माझंच नाव निघालं का?" हसल्या नाहीत.

मी सांगितलं, व्हॉल्व्ह तर रोज स्वच्छ वाजत होता. त्या म्हणाल्या, "काका, तो गोठलं तर सांगतो. जास्त पातळ झालं तर तो छानच वाजतो."

हे सहा वर्षांत माझ्या डोक्यात आलं नाही. मी एकाच बाजूचा पहारा करत होतो.

२० मार्च

डायलिसिस. शेजारचा माणूस मशीनच्या आवाजानं वैतागलेला. मला तर शांत वाटली. चांगल्या कंपनीची असावी. नर्स पोरी मात्र तोंडातल्या तोंडात बोलतात, प्रत्येक गोष्ट दोनदा विचारावी लागते.

२८ मार्च

घरी. आता मशीन नाही, पण क्रिएटिनिन अडीचवर अडलंय. खाली यायला तयार नाही.

गोळी कमी केली. बंद करता येत नाही, दुसरी नवी गोळी या व्हॉल्व्हला चालत नाही. जास्त झाली तर उरलीसुरली किडनी जाणार. कमी पडली तर व्हॉल्व्ह गोठून मीच. दर आठवड्याला तपासणी, आता दुकानाचं नाव काढायचं नाही. अन् आवाज दबका वाटला तर त्याच तासाला निघायचं. म्हटलं, ते काम माझ्याकडे.

आनंदा भाजी निवडत होती. वर न पाहता म्हणाली, "हे कान तुमाले घेऊन जातीन एक दिवस."

२ एप्रिल

व्हॉल्व्हचा आवाज बारीक झालाय.

खरं म्हणजे बरेच महिने बारीकच होत चाललाय. मला वाटायचं मुरला, नवी बेअरिंग मुरते तसा. पंखा बंद करून, श्वास धरून ऐकतो. आहे... नाही... आहे बहुतेक. आनंदाला सांगितलं नाही. ती मोठ्या मुश्किलीनं जेवायला लागली आहे.

४ एप्रिल

काहीच नाही. दार बंद, पंखा बंद. छातीवर हात ठेवला तर ठोका लागतो, आवाज नाही.

रोशनीला फोन केला. "बाबा, हालू नका, मी आलीच." आनंदाला एवढंच सांगितलं की छातीत कसंतरी होते. तिनं पिशवी भरली. गाडीत लिहितोय. गोठलंच असेल तर गोळी वाढवतील. मग किडनी गेली, अन् मशीन जन्मभर. इतकं नीट मोजलं होतं. एवढ्यात कसं बिघडलं?

५ एप्रिल

व्हॉल्व्ह उत्तम उघडतो, उत्तम मिटतो. गोठलेलं काही नाही. गोळी आहे तीच.

डॉक्टरीणबाई खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. "काका, मला इथून ऐकू येतोय." आनंदा म्हणाली, "मले तं रोज सैपाकघरातून येते."

दुपारी कानाच्या डॉक्टरकडे पाठवलं. दोन्ही कान निम्मे गेलेत. आजचे नाही, बऱ्याच वर्षांपासून.