तेजूच्या हाताला रिबन नव्हती

राधानगरी,
दि. १५ सप्टेंबर २०२५

श्री. हिंदुराव पावणे यांस,

आकारामचा रामराम वि. वि. इकडे माणसं ठीक, म्हशीही ठीक. तुमच्या गुडघ्याची चौकशी तानाबाईने केली आहे. मी केलेली नाही.

पोरांनी आपल्या दोघांना घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून काढलं त्याला वर्ष होत आलं. मागच्या वर्षी दोन्ही कॉलेजांच्या फुटबॉल फायनलनंतर आपण एकमेकांना जे लिहिलं ते व्याह्यांनी लिहिण्यासारखं नव्हतं, हे मला कबूल आहे. फोनवर तुम्ही नुसते ओरडता आणि मला काही ऐकू येत नाही. तेव्हा पत्रच बरं.

काल विद्यापीठाची क्रॉस कंट्री शर्यत आमच्या दारावरून गेली आणि त्यात आपली तेजू पळाली. आमच्या वर्षाराणीची लेक म्हणून ती आमची, आणि तुमच्या मुलाची म्हणून तुमची. पण तुम्ही तिला घातलं तुमच्या त्या तळ्याकाठच्या निळ्या कॉलेजात, आणि मी पडलो टेकडीवरच्या पिवळ्या कॉलेजचा. पन्नास वर्षांत माझ्या तोंडून निळ्यांसाठी एक आरोळी निघालेली नाही, ती आता कशी निघेल? म्हणून सकाळी तानाबाईच्या पेटीतली पिवळी चादर काढली, वेळूच्या काठीला बांधली आणि आमच्या बोळाच्या तोंडाशी झेंडा रोवला. पळता पळता तेजूला तो दिसावा आणि तिचा जीव जळावा, एवढाच हेतू. मग स्कूटर काढून शेवट बघायला हायस्कूलच्या मैदानावर गेलो.

पोरगी जिंकली की हो! आमच्या पिवळ्या कॉलेजची राजनंदिनी दुसरी आली, पण इतकी मागून की मधल्या वेळात माझा चहा पिऊन झाला. घरी आलो तर चादर धुऊन दोरीवर वाळत होती. तेजू गेली न गेली तोच तानाबाईने ती उतरवली म्हणे, नव्या चादरीचं वाटोळं केलं म्हणून मलाच बोलली. म्हणजे मागून येणाऱ्या आमच्या पोरींना झेंडा दिसलाच नाही. हरलो ते त्याच्यामुळे.

पैज मी विसरलेलो नाही. दिवाळीच्या पाडव्याला म्हशींच्या मिरवणुकीत आमच्या चंद्रीची शिंगं निळी रंगवीन. पिवळे जिंकले असते तर तुम्ही शिवाजी पेठेतून पिवळा फेटा बांधून फिरला असता, ते बघायचं राहून गेलं याचं दुःख फार आहे.

निळ्यांवर नाही, पण तुमच्यावर लोभ आहे.
आकाराम

शिवाजी पेठ, कोल्हापूर,
दि. १९ सप्टेंबर २०२५

श्री. आकाराम पावणे यांस,

हिंदुरावचा रामराम वि. वि. तुमचं पत्र मी तालमीच्या कट्ट्यावर मोठ्यानं वाचून दाखवलं. चंद्रीसाठी निळा रंग मी इथून पाठवणार होतो. डबासुद्धा आणला होता.

पण पावणं, घोळ झालाय. माळावरच्या देवळापाशी शर्यतीचा वळसा होता. तिथं एक मास्तर उभे होते आणि येईल त्या पोरीच्या मनगटाला लाल रिबन बांधत होते. ते मास्तर आता म्हणतात की निळ्या कॉलेजची पहिली आलेली मुलगी माझ्यापर्यंत आलीच नाही. जल्लोषात कुणी बघितलं नव्हतं, पण फोटो काढून बघितले तर तेजूच्या हाताला रिबन नाही. पहिल्या नंबराची ढाल परत घेतली आणि राजनंदिनीला दिली. चार तारखेला चौकशी समिती बसणार आहे. लबाडी ठरली तर दोन वर्षं बंदी. विद्यापीठाच्या संघात तिची निवड नक्की होती, ती तर गेलीच म्हणायची.

तुमच्या पिवळ्यांना तर दिवाळी आधीच आली. मिसळीच्या दुकानात मला बघून एकानं विचारलं की पोरगी दुधाच्या टेम्पोतून आली की वडापच्या जीपमधून. दुसरा म्हणाला, न्हाय, न्हाय, रिबन नगं म्हणाली असंल, तिला निळी पायजे हुती. मी कटाची वाटी तशीच ठेवून उठलो. असल्या थट्टा आपण आयुष्यभर केल्या, पण त्या आपल्या नातीवर नव्हत्या.

सगळ्यात मोठं कोडं म्हणजे पोरगी बोलत नाही. आईनं विचारलं, बापानं विचारलं, मी विचारलं. मी सगळी वाट पळाले, एवढंच म्हणते आणि खोलीत जाते. कुठून पळाली ते सांगत नाही. आकाराम, तुमच्या दारातला रस्ता आहे. तुम्ही गावात विचारपूस करा. जिंकली तेव्हा ती माझी नात होती. आता निम्मी तुमची आहे.

काळजीत असूनही लोभ ठेवणारा,
हिंदुराव

राधानगरी,
दि. २४ सप्टेंबर २०२५

श्री. हिंदुराव पावणे यांस,

आकारामचा रामराम वि. वि. टेम्पोची थट्टा आमच्याकडे तुमच्या आधी पोचली. मीही हसलो, हे लपवत नाही. पण तुमचं पत्र आल्यावर हसू आटलं.

चार दिवस मी दुसरं काही केलेलं नाही. दुधाच्या टेम्पोवाल्याला गाठलं, तर तो त्या दिवशी पंक्चर काढत बसला होता. वडापवाले म्हणाले, पोलिसांनी आमाला वरच अडवलंतं, आमी कुठनं येणार. मेंढरं राखणारा एक म्हातारा म्हणाला की पहिल्यांदा पिवळ्या कपड्यातली पोरगी देवळाकडे गेली, त्याच्या आधी कुणी न्हाय. वळशाच्या रस्त्यावर तेजूला एकानंही बघितलेलं नाही. आणि खालच्या रस्त्याला, हायस्कूलकडे जाताना मात्र चौघांनी बघितलं. मग मधे पोरगी गेली कुठं? मला तर रात्रंदिवस तेच.

शेवटी मी स्वतः सगळी वाट चालून बघितली. हिंदुराव, देवळाचा वळसा चुकवून वरच्या रस्त्यावरून खालच्या रस्त्याला जायला एकच वाट आहे, आणि ती आमचा बोळ आहे. गोठ्याच्या मागून जातो आणि थेट खाली निघतो. परक्याला तो पुढे बंद असलेला बोळ वाटेल. तेजूला नाही वाटणार. लहानपणी सुट्टीत ती त्यातच खेळली.

मी गावात कुणाला काही सांगितलेलं नाही. पोरीने लबाडी केली असं माझं मन म्हणत नाही, पण डोळ्यांना दुसरं काही दिसत नाही. तानाबाईला विचारलं तर ती माझ्याकडे बघून नुसती मान हलवते आणि म्हणते, तुमचं तुमाला कळंल तवा कळंल. मला काही कळत नाही.

तुम्हीच काही सुचवा. लोभ कमी होणार नाही, काहीही निघालं तरी.
आकाराम

शिवाजी पेठ, कोल्हापूर,
दि. २९ सप्टेंबर २०२५

श्री. आकाराम पावणे यांस,

हिंदुरावचा रामराम वि. वि. तुमचं पत्र वाचून मी संतापलो. आमच्या पोरीला चोर म्हणायला तुम्हाला पत्रच मिळालं का, असं लिहायला बसलो आणि तो कागद फाडून टाकला. कारण तुमच्या बोळाचं ऐकून माझंही काळीज हललं होतं.

पण मला एक गोष्ट खुपत होती. लबाडी करणारी पोरगी जिंकल्यावर इतकी मोकळी हसली कशी? फोटोत तिचे सगळे दात दिसतायत. म्हणून काल गुडघा ओढत तिच्या कॉलेजच्या मैदानावर गेलो आणि खेळाच्या मास्तरांना विचारलं की त्या दिवशी सकाळी पोरींना नेमकं काय सांगितलं होतं. ते म्हणाले, रात्री ओढ्याच्या पुलावर पाणी आलं, म्हणून ऐनवेळी वाट बदलली. नवी वाट कुणालाच माहीत नव्हती. एवढंच सांगितलं होतं की रस्त्याच्या कडेला झेंडा दिसेल तिथं वळायचं. मी विचारलं, झेंडे कसले होते?

आकाराम, पिवळे होते.

मी तिथंच मैदानाच्या कट्ट्यावर बसलो. तुम्ही बोळाच्या तोंडाशी काय रोवलं होतं ते तुम्हीच मला हौसेनं कळवलं होतंत. आणि तेजू गेल्यावर ते कुणी उतरवलं, तेही.

घरी येऊन पोरीला समोर बसवलं आणि तुमच्या चादरीचं नाव काढलं. तेव्हा बांध फुटल्यासारखी रडली. झेंडा बघून ती सरळ मनानं बोळात वळली. शर्यत आजोबांच्या गोठ्यामागून जातेय म्हणून खूशही झाली. वाट बदललीय, तर रिबन बांधणाराही पुढे कुठे असेल असं तिला वाटलं. पुढे बोभाटा झाल्यावर तिनं आजीला फोन केला, आणि दोघींनी मिळून काय ते ओळखलं. तानाबाईंना तिनंच शपथ घातली.

गप्प का राहिली ते ऐका. म्हणाली, तात्या, आजोबांचं पिवळं वेड सगळ्यांना ठावं हाय. निळ्यांची पोरगी चुकावी म्हणून त्यांनी मुद्दाम झेंडा लावला असंच लोक म्हणणार. म्हातारपणी त्यांना लबाड म्हणवून घ्यायचं, त्यापेक्षा मला म्हणू देत. मी अजून शंभर शर्यती पळीन.

समितीला काही सांगणार नाही, असं वचन तिनं माझ्याकडून घेतलंय, आणि ते मी पाळीन. तुम्हाला लिहिणार नाही असं वचन तिनं मागितलं नाही, कारण हल्लीच्या पोरांना पत्र ही गोष्ट सुचत नाही.

काय करायचं ते मी सांगणार नाही. लोभाचं म्हणाल, तर तो चार तारखेनंतरही राहील, तुम्ही आलात तरी आणि नाही आलात तरी.
हिंदुराव

राधानगरी,
दि. ६ ऑक्टोबर २०२५

श्री. हिंदुराव पावणे यांस,

आकारामचा रामराम वि. वि. परवा समितीसमोरून बाहेर पडल्यावर तुमच्याशी बोलायचं धाडस झालं नाही. तुम्ही हात धरलात, तो सोडवून मी तसाच एसटीकडे निघालो. म्हणून आता लिहितो.

चादर पिशवीत घेतली होती, काठीही घेतली होती. तानाबाई म्हणाली, काठी कशाला, तिथं रोवायची हाय काय? तरी घेतली. समितीतल्या बाईंनी ती चादर उलगडून टेबलावर पसरली, तेव्हा पहिल्यांदा सगळे हसले. मग आमच्याच टेकडीच्या कॉलेजचे एक साहेब उठले आणि म्हणाले की हे मुद्दाम केलेलं नाही याला पुरावा काय? पन्नास वर्षं मी ज्या रंगासाठी घसा फोडला, त्या रंगाचा माणूस मला हे विचारत होता. मला वाईट वाटलं, पण त्यांचं काही चुकलं नाही. मी म्हणालो, पुरावा न्हाय. पोरगी माझी नात हाय, एवढंच हाय.

मग तानाबाई उठली आणि चादर कुणी उतरवली, पोरगी कुणासाठी गप्प राहिली ते सगळं बोलली. ती काय काय बोलली ते तुम्ही दाराबाहेरून ऐकलंच असेल, कारण रस्त्यापर्यंत ऐकू गेलं म्हणतात.

तेजूवरचा ठपका पुसला. शर्यत रद्द झाली आणि बारा तारखेला पुन्हा त्याच वाटेनं होणार. राजनंदिनीची ढाल गेली, त्याचं मला फार लागलं. मी तिच्यापुढं हात जोडले तर ती म्हणाली, बरं झालं आजोबा, मला बी पळूनच जिंकायचं हाय. मला मात्र समितीनं बजावलंय की शर्यत संपेपर्यंत रस्त्यावर दिसायचं नाही, झेंडा नाही, चादर नाही, पिवळा सदरासुद्धा नाही. गोठ्यात बसून राहीन असं लिहून दिलंय. टेकडीचे जुने दोस्त माझा फोन उचलत नाहीत. उचलतील कधीतरी.

पैज पुन्हा चालू समजावी का? लोभ चालूच आहे.
आकाराम

शिवाजी पेठ, कोल्हापूर,
दि. १४ ऑक्टोबर २०२५

ती. आजोबांस,

तेजस्वीचा शि. सा. न. वि. वि. मी पहिल्यांदाच पत्र लिहितेय. वर काय लिहायचं ते तात्यांनी सांगितलं, पण पुढचं वाचायचं नाही म्हणून त्यांना खोलीबाहेर घालवलंय.

मी दुसरी आले आणि राजनंदिनी पहिली, हे तुम्हाला कळलंच असेल. ती खरंच भारी पळाली. शेवटच्या चढावर मला तिची फक्त पाठ दिसत होती. पण विद्यापीठाच्या संघात आम्ही दोघीही आहोत, त्यामुळे आता एकाच रंगाचा सदरा घालावा लागणार. तात्या काल पैजेप्रमाणे पिवळा फेटा बांधून पेठेतून फिरले. तालमीच्या पोरांनी पुढं हलगी लावली होती. तात्यांनी मान खाली घातली नाही, उलट मिसळीच्या दुकानात थांबून टेम्पोची थट्टा करणाऱ्या त्या काकांना फोटो काढायला लावला.

तुम्ही चिडला असाल की मी आधी का सांगितलं नाही. मला फक्त एवढंच वाटत होतं की तुम्हाला कुणी वाईट बोलू नये. तुम्ही समितीसमोर उभे राहिलात तेव्हा मी खिडकीतून बघत होते. मला तुमचा फार अभिमान वाटला.

आता एक खाजगी. शर्यतीत तुमच्या बोळापाशी आले तेव्हा मी आणि राजनंदिनी बरोबरीत होतो. रस्त्यावर तुम्ही नव्हता, झेंडाही नव्हता, समितीनं सांगितल्याप्रमाणे सगळं होतं. पण गोठ्याच्या भिंतीमागून कुणीतरी घसा फुटेस्तोवर ओरडत होतं. निळं, तेजू, निळं! चंद्री काही ओरडणार नाही आणि आजीचा आवाज मला माहीत आहे.

काळजी करू नका, आजोबा. हेही मी कुणाला सांगणार नाही.

तुमची,
तेजू