साडेतीनशे माणसांचं मीठ आणि एक बशी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (आता तो खरोखर घालता येतो. पूर्वी पोट आधी टेकायचं आणि बाकीची अंगं वरच राहायची.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला गेला का? इकडे सगळे खुशाल, म्हणजे बायको आणि मुलगी खुशाल. मी अजून धक्क्यात आहे.

तू लिहिलंस की माझ्यासारख्याच वजन उतरवायच्या पोटाच्या ऑपरेशनसाठी डॉक्टरांनी तुला बारा तारीख दिली आहे, आणि भोपळ्या हो म्हणाला तरच तू जाणार. (पाच महिन्यांत एकतीस किलो उतरलो, तरी तू मला भोपळ्याच म्हण!) ताई, एवढी जबाबदारी माझ्या गळ्यात घालू नकोस गं. माझं काय काय झालं ते आधी ऐक.

ऑपरेशनचं काही नाही, तेव्हा आपण झोपलेलोच असतो. खरा घाव घातला तो आहाराचं बघणाऱ्या बाईंनी. दिसायला इतक्या गरीब की वाटावं, ह्या कधी मुंगीलाही उपाशी ठेवणार नाहीत. त्यांनी माझ्यासमोर एक बशी ठेवली. चहाच्या कपाखाली असते ना, तेवढी. अर्ध्या बशीत अंडं नाहीतर मासा, शेजारी थोडी मऊ शिजवलेली भाजी, आणि उरलेल्या कोपऱ्यात दोन चमचे भात. मी सगळं नीट पाहून घेतलं आणि विचारलं, "छान! हा नमुना झाला. आता जेवण कुठाय?" बाई म्हणाल्या, हेच. माझे डोळेच पांढरे झाले. अगं, कारखान्याच्या कँटीनमध्ये बावीस वर्षं साडेतीनशे माणसांचा स्वयंपाक करणारा मी, एवढं तर माझ्या डावाला चिकटून राहतं! पुढे त्यांचे नियम ऐक. आधी अंडं-मासा, मग भाजी, आणि जागा उरलीच तर भात. एकेक घास पंचवीस वेळा चावायचा. जेवताना पाणी नाही, आधी अर्धा तास नाही, नंतर अर्धा तास नाही. आणि पोट भरलं हे कळायचं कसं, तर म्हणे कुणाला उचकी लागते, कुणाचं नाक वाहतं, तिथे थांबायचं. पन्नास वर्षं माझं पोट भरल्याचं मला पातेल्याच्या बुडाला डाव खरडला की कळायचं. आता ते नाक सांगणार!

पहिले चार महिने बायकोने सगळं मापून दिलं. मग मी हट्ट धरला. आचारी माणसाने स्वतःची बशी दुसऱ्याकडून भरून घ्यायची म्हणजे काय? ऐटीत ओट्याशी उभा राहिलो, आणि ताई, काय सांगू, मला एका माणसाचा स्वयंपाक येतच नाही! माझ्या हाताला मूठ ठाऊक आहे, चिमूट ठाऊक नाही. पहिल्या दिवशी तीन चमचे भाजीत एवढं मीठ पडलं की मुलीने बोट लावून चाखलं आणि ती थेट माठाकडे धावली. (मला तर तीही सोय नाही, अर्धा तास पाणी बंद.) दुसऱ्या दिवशी भीतीने मीठच घातलं नाही. तिसऱ्या दिवशी बशीसमोर बसून रडकुंडीला आलो.

चौथ्या दिवशी डोकं चालवलं, आणि तिथेच घात झाला. बाईंनी दिलेला मापांचा तक्ता घेतला, प्रत्येक गोष्टीला साडेतीनशेने गुणलं आणि कँटीनमध्ये तेच शिजवलं. मीठ असं नेमकं पडलं म्हणून सांगू! मी माझी बशी भरून घेतली, एकेक घास पंचवीस वेळा चावला, मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. आणि मग जेवणाची घंटा झाली. अगं, चवीच्या नादात बाकीच्यांच्या पोटांचा विचारच राहून गेला होता. गुणाकार चोख, त्यामुळे सकाळपासून यंत्रांशी झटलेल्या प्रत्येक माणसाच्या ताटात बरोबर एक बशीभर जेवण पडलं. लेथवाला ताटाकडे बघत हळूच म्हणाला, "मामा, कोण गेलं?" युनियनचे पुढारी ओरडायला म्हणून आले, पातेल्यात वाकून पाहिलं, आणि मटकन बाकावर बसले. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून मॅनेजरांचं बोलावणं आलं. बायकोला फोन करून सांगितलं, नोकरी गेली समज, आणि वर गेलो.

तर ताई, हे असं आहे. ताट गेलं, पाणी गेलं, बावीस वर्षांचा हात गेला. मी कुठल्या तोंडाने तुला हो म्हणू?

तुझा धाकटा,
भोपळ्या

ता. क. वर काय झालं ते राहिलंच. मॅनेजर लालबुंद होऊन दारातच उभे होते. मला बघितलं आणि त्यांचा वासलेला आ मिटेना. म्हणाले, "तुम्ही आलात कसे? लिफ्ट तर सकाळपासून बंद आहे!" ताई, मी जिना चढून गेलो होतो. तीन मजले. बोलणी बसणार या धास्तीत मध्ये थांबायचंच विसरलो, आणि मला धाप लागलेली नव्हती. बावीस वर्षांत लिफ्टशिवाय मी कधी वर गेलो नव्हतो, लिफ्ट बंद असली की तेच खाली यायचे. ते रागवायचं विसरले, आणि मी त्यांच्या दारात उभा राहून ढसाढसा रडलो. (नोकरी आहे. चहाच्या वेळी सगळ्यांना पुन्हा पोटभर जेवायला घातलं.)

आणखी एक. भाऊजींचा फोन आला होता. स्वयंपाकघरातून पुढच्या दारापर्यंत येताना तू दोनदा भिंत धरून थांबतेस म्हणे. हे तू मला लिहिलं नाहीस. वर लिहिलेलं अक्षरन् अक्षर खरं आहे, तरीही बारा तारखेला तू मुकाट्याने जायचंस.

शेवटचं. मी रजा टाकली आहे. (मॅनेजरांनी जरा जास्तच आनंदाने सही केली.) अकरालाच येतो. पहिले काही आठवडे तुला पातळच मिळेल, तेव्हा मीही तुझ्यासमोर काही चावणार नाही. पण त्यानंतरसाठी दोन सारख्या बश्या काढून ठेव. एकट्याच्या भाजीत मला मीठ अजून जमत नाही. दोघांच्या जमेल असं वाटतंय.