पान कुठी गेलं?

बालाघाट, गुरुवार, संध्याकाळ. ऑगस्ट २००४

काल वनितावर उगाच आवाज चढवला. दिवसभर तेच मनात घोळतंय.

मी आणि माझ्याकडे कामाला असलेली वनिता वेबसाइटी बनवतो. काल कामाचे नियम लिहून मी कागद दुकानाच्या भिंतीवर चिकटवला. पहिला नियम: पडद्यावरचं पान सरकवायचं नाही, फिरवायचं नाही, बटण दाबलं की पुढचं लगेच दिसलं पाहिजे. वनिता म्हणाली, "दादा, पान कुठी गेलं ते लोकायले समजाले पाह्यजे ना!" मी ओरडलो, "सर्कस आहे का ही?" तेही गिऱ्हाइकांसमोर.

आज तिचे बाबा आले होते. बैहरच्या तहसील कचेरीतून रिटायर झालेले, सारी नोकरी रजिस्टरं उलटण्यात गेली. मी केलेली साइट त्यांना दाखवली. त्यांनी बटण दाबलं, पान झटकन बदललं, आणि ते दचकलेच. "माह्यं पान कुठी गेलं? माह्याकडून काही बिघडलं का?"

मग वनितानं तिची साइट लावली. पान हळूच डावीकडे सरकलं. बाबांनी सवयीनं बोट जिभेला लावलं, रजिस्टर उलटताना लावतात तसं. "हौ, हे तिकडं गेलं. म्हंजे तिकडूनच वापस येईन ना?"

ते ओलं बोट डोळ्यांपुढून हलत नाही. मी नुसता वेगच पाहत बसलो. माणूस घाबरेल, हे मला का सुचू नये?

गरगर फिरणारी पानं मला अजूनही नकोच आहेत. पण ते दोघं गेल्यावर पहिला नियम खोडला आणि लिहिलं: पान जिकडे गेलं, तिकडूनच परत यावं.

खोडताना दुकानात मी एकटाच होतो. ओरडताना मात्र गिऱ्हाइकं होती.