कुंभारणीचं घर

सांगली,
२२ सप्टेंबर २०२४

ती. स्व. दादास,
अर्जुनाचा सा. न. वि. वि.

वहिनी मला एकदा म्हणाली होती, कुणी विचारलंच तर माझं नाव सांग. तेव्हा मी पाचवीत होते. आज चहा गाळताना ते वाक्य आठवलं आणि निम्मा चहा ओट्यावर गेला. का आठवलं ते मला ठाऊक आहे. तुला सांगायचं की नाही, ते मात्र अजून ठरत नाही.

काल तुझ्या सुनेचा फोन आला होता. तुला गांधीलमाशी डसली, तोंड सुजलं, श्वास लागला आणि दवाखान्यात न्यावं लागलं, हे शिवांजलीनं मला चार दिवसांनी सांगितलं. आत्याला सांगायचं नाही असा तूच तिला दम दिला होतास म्हणे. वर म्हणाली, आत्या, मामंजींना तुम्हीच काहीतरी लिहा, माझं ते ऐकत नाहीत. आणि मग स्वतःच हसली. फौजेतल्या तोफखान्यानं तुझे कान नेले, तेव्हापासून तुझं न ऐकणं आम्हाला सवयीचं झालंय. पण हे तसलं नाही. ही तुला दुसऱ्यांदा डसली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, की तिसऱ्या वेळी सूज घशात उतरली तर वस्तीवरून खाली पाटणला पोचायलाही वेळ मिळायचा नाही.

घराभोवती किती पोळी झालीत ते मला नीट कळव आणि ती ताबडतोब काढून घे. माझ्या शाळेत घटक चाचण्या चालू आहेत, घरी ह्यांचं गुडघ्याचं दुखणं आहे. मी फार दमलेय रे दादा. तुझी काळजी करायला माझ्यात आता जोर उरलेला नाही, तरी ती करतेच. तेवढ्याचा तरी विचार कर.

माया आहे ती असू दे.

तुझी,
अर्जुना


वस्ती, ता. पाटण,
२८ सप्टेंबर २०२४

चि. सौ. अर्जुनास,
नानासोचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तू रागात हायस हे अक्षरावरनंच कळलं, रागात असलीस की तुझ्या वेलांट्या वर उडत्यात. मी ठणठणीत हाय. तोंड तीन दिवस भोपळ्यागत झालं हुतं, एवढंच. आरशात बघितलं तर आपलं वडील, आबाच परत आल्यागत वाटलं.

रिपोर्ट मागितलास, तर घे. मीटरच्या पेटीत एक पोळं, बशीएवढं. गोठ्याच्या वळचणीला दोन. न्हाणीच्या झरोक्यात एक. लिंबाच्या झाडात एक. आणि सैपाकघराच्या खिडकीवर छज्ज्याखाली एक, ते लय मोठं, त्यातलीच मला डसली. एकूण सहा. सातवं घर तुझ्या वहिनीच्या फोटोमागं हाय, पण ते कुंभारीण माशीचं. चिखल आणून आणून तिनं मुठीएवढं केलंय. ती बिचारी कुणाच्या वाटंला जात न्हाई.

सुनंसाठी मी अंगणात चुन्याची रेघ मारून रस्ता आखून दिलाय. दारापासनं नळापर्यंत, नळापासनं तुळशीपर्यंत. रेघंच्या बाहीर पाऊल टाकायचं न्हाई अशी ऑर्डर हाय. ती म्हंती, मामंजी, मी काय बॉर्डरवर राहते व्हय? जयराज तिकडं जम्मूला खऱ्या बॉर्डरवर, आणि ही हितं असं बोलती.

आता काढायचं म्हणशील तर न्हाई. सून पोटुशी हाय, पाचवा लागलाय. पहिल्या खेपेला तिसऱ्यातच गेलं, तुला ठावं हाय. अशा वक्ताला घरात कुणाचंबी घर मोडायचं नसतंय, मग ती कुंभारीण असू दे न्हाईतर गांधील. तू सायन्सची मास्तरीण, तू हसशील. पण आपल्या घरात एकदा मोडलं हुतं. तुझ्या वहिनीनं सवताच्या हातानं कुंभारणीचं घर पाडलं आणि पंधरा दिवसांत आमचं पहिलं पोर पोटातच गेलं. तू ल्हान हुतीस, तुला आठवत नसंल.

दाजींच्या गुडघ्याला निरगुडीचा पाला बांध. माझा घोर करू नगंस.

तुझा,
दादा


सांगली,
३ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. दोन दिवस पर्समध्ये तसंच घेऊन फिरले. मला आठवत नाही असं नाही, दादा. पण ते आज राहू दे.

आज फक्त गांधिलीचं बोलते. पोटुशी बाई घरात असताना मोडायचं नाही हा नेम कुंभारणीपुरता आहे. आई तसंच सांगायची, वहिनीही तसंच पाळायची. गांधिलीला तो कधीच नव्हता. जयराजच्या वेळी वहिनीला आठवा चालू होता आणि गोठ्यात हे एवढं पोळं लोंबत होतं. तिनं पदर खोचला, ओल्या गवताचा आणि कडुनिंबाच्या पाल्याचा धूर केला आणि वेताच्या काठीनं पोळं खाली पाडलं. मी दाराआडून बघत होते. तुझा जयराज पुढं साडेतीन किलोचा झाला. तू तेव्हा राजस्थानात होतास, म्हणून तुला हे माहीत नाही. तुझ्या संसारातल्या पुष्कळ गोष्टी तुझ्या माघारी झाल्या. त्या मी पाहिल्या आहेत.

आणि चुन्याची रेघ शिवांजलीला कळते, माशीला कळत नाही. ती छज्ज्यावरून उडून कुठंही जाईल. त्या पोरीला डसली तर काय करशील?

मी इस्लामपूरच्या नाथाजींना निरोप दिला आहे. पन्नाशीचे गृहस्थ आहेत, मोहोळं आणि पोळी काढण्यात त्यांचा हात बसलेला आहे. सोमवारी दुपारी ते येतील. दिवेलागणीला माशा पोळ्यावर बसल्या की काढतात, म्हणून तेवढा वेळ त्यांना थांबवून घे. चहा दे, भाकरी दे, पण परत पाठवू नकोस.

तुझ्या हट्टाशी झुंजणाऱ्या माणसाला दुसऱ्या कशाला जोर उरत नाही, हे वहिनी हसत सांगायची. मला आता हसू येत नाही.

मायेत अंतर पडू देऊ नकोस.

तुझी,
अर्जुना


वस्ती, ता. पाटण,
१० ऑक्टोबर २०२४

चि. सौ. अर्जुनास,
आशीर्वाद.

तुझा नाथाजी आला हुता. माणूस चांगला हाय. त्येच्या टोपीला जाळी, हातात रबरी मोजे, पाठीला पोतं. मी म्हटलं, आवं पावनं, हे तर आमच्या गॅस मास्कपेक्षा भारी हाय. तेनं समदी पोळी खालनं निरखून बघितली आणि म्हणाला, सुभेदारसाहेब, खिडकीवरचं लय तापट हाय, आजच काढू. मी त्येला पिठलं-भाकरी घातली, दोनदा च्या पाजला आणि दिवस मावळायच्या आत पाचच्या एष्टीला बसवून दिला. तेला वाईट वाटलं. मला बी वाटलं.

त्येच्यावरनं सून माझ्याशी भांडली. माझ्या कानाला लागून वरडली, की मामंजी, तुमाला काय झालं तर माझ्या लेकराला आज्जा कुठनं आणू? आज्जी तर न्हाईच. मला समदं ऐकू आलं. तरी ऐकू न आल्यागत केलं.

अर्जे, तू लिहिलंस की माझ्या माघारी पुष्कळ झालं. खरं हाय. एक मात्र माझ्या म्होरं झालं, ते आज लिहितो. त्या साली पोर गेल्याची तार आली तवा मी सुट्टी काढून आलो. आईनं दारातच सांगितलं की सूनबाईनं कुंभारणीचं घर पाडलं, म्हणून असं झालं. मी आत गेलो. तुझी वहिनी खाटंवर हुती, नुस्ती पांढरी पडल्याली. मी तिला कशी हायस म्हणून बी विचारलं न्हाई. म्हटलं, तू हातानं केलंस. एवढंच. मग वीस दिवस सुट्टी हुती, वीस दिवस तिच्याशी बोललो न्हाई. तिनं वाढलं, मी जेवलो. परत जायच्या दिशी तिनं डब्यात लाडू दिलं. ती एका शब्दानं बोलली न्हाई की मी न्हाई केलं म्हणून. तिनं केलंच हुतं, तर बोलणार काय? पण म्हणून मी तसं बोलायला पायजे हुतं का? ह्या घराला तिनं पस्तीस वर्सं सांभाळलं आणि मी तिला एकदा बी म्हटलं न्हाई की ते माझं चुकलं.

आता ती न्हाई. आता घरात दुसरी लेक पोटुशी हाय. ह्या वक्ताला मी कुणाचं घर मोडून घेणार न्हाई. मला डसली तर डसू दे. बासष्ट वर्सं झाली, लय झाली. ते पोर तेवढं सुखरूप येऊ दे.

आता ह्यावर लिहू नगंस. दसऱ्याचं सोनं तुला हितनंच देतो.

तुझा,
दादा


सांगली,
१६ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. दादास,
अर्जुनाचा सा. न. वि. वि.

लिहू नकोस म्हणालास, तरी लिहिते. एका जागी बसून वाच. शिवांजलीला वाचायला लावू नकोस.

ते घर वहिनीनं मोडलं नव्हतं. मी मोडलं.

माजघराच्या खिडकीच्या चौकटीला ते होतं. कुंभारीण रोज चिखलाची गोळी आणायची आणि गुणगुणत थापायची. मला बघायचं होतं की ती आत ठेवते काय. आई रानात गेली होती. पाचवीत नवा कंपास मिळाला होता, त्यातल्या कर्कटकानं मी एकेक खण उकरला. आत बारीक हिरव्या अळ्या होत्या, निपचित पडलेल्या, आणि एका खणात दुधासारखं पांढरं काहीतरी हलत होतं. मी घाबरले आणि सगळंच खाली पाडलं. वहिनी आतून आली. तिनं खाली बघितलं, माझ्या हाताकडं बघितलं. तिचा हात आपोआप पोटावर गेला, तो मला अजून दिसतो. पण ती ओरडली नाही. आईच्या हातचा मार तिला ठाऊक होता. तिनं माती सुपलीत भरली, माझी बोटं पदरानं पुसली आणि म्हणाली, कुणी विचारलंच तर माझं नाव सांग.

आईनं संध्याकाळी विचारलं. मी वहिनीचं नाव सांगितलं.

तेव्हा ती एवढीशी गोष्ट होती. पंधरा दिवसांनी ती एवढीशी राहिली नाही. तू आलास, आत गेलास, तिला जे बोललास ते मी दाराशी उभी राहून ऐकलं. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि मान हलवली, बोलू नको म्हणून. मी बोलले नाही. दहा वर्षांची होते म्हणून तेव्हा नाही बोलले, हे मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगून पाहिलंय. पण पुढं वीस वर्षांची झाले, चाळीस वर्षांची झाले, तेव्हाही नाही बोलले. मुलांना फळ्यावर माशीच्या जीवनाच्या अवस्था काढून दाखवते. मातीच्या घरानं कुणाचं मूल जात नाही, हे मला पक्कं माहीत आहे. हे माहीत असलेलं माणूस सदतीस वर्षं गप्प बसलं.

वहिनी आजारी होती तेव्हा मी तिच्या उशाशी बसून म्हणाले, आता दादाला सांगते. ती म्हणाली, नको गं, त्यांचा माझ्यावरचा राग कधीच जिरून गेलाय, तुझ्यावर नव्यानं उगवेल, आणि माझ्यामागं त्यांना तुझ्याशिवाय आहे कोण? तिचं ऐकलं, की ते मला सोयीचं होतं म्हणून ऐकलं, ते मला आजही सांगता येणार नाही.

तू तिला बोललास ते चूकच होतं. पण ती चूक तुझ्या एकट्याची नाही. त्या चुकीची शिक्षा तू आता माशांकडून घ्यायला बसला आहेस, ती मी तुला घेऊ देणार नाही. द्यायचीच असेल तर मला दे, माझ्यावर रागव. पत्र लिहू नकोस, भाऊबीजेला दार लाव. पण श्वास कोंडून मरू नकोस. ज्यासाठी वहिनी गप्प बसली, ते असं फुकट जाऊ देऊ नकोस.

सव्वीस तारखेला शाळेला सुट्टी लागते. सत्तावीसला मी दुपारच्या एस.टी.नं येते. नाथाजींची जाळीची टोपी आणि मोजे मागून घेतले आहेत. ते स्वतः अंगणात उभे राहून मला सांगतील कसं करायचं ते. तू आणि शिवांजली त्या संध्याकाळी खाली पाटणला तिच्या मावशीकडं थांबा. धूर मी करीन, काठी मी धरीन. गांधिलीची सहाच्या सहा पोळी माझ्या हातानं पाडीन, म्हणजे मोडल्याचं जे काही लागतं ते तुझ्या घराला लागायचं नाही, मला लागेल. मी हे मानत नाही. पण तू मानतोस, म्हणून तुझ्या हिशेबानं बोलतेय. फोटोमागचं कुंभारणीचं घर मी पुसतानासुद्धा हलवणार नाही. ती तिचं झालं की आपली निघून जाईल.

आणि पुढं काही बरंवाईट झालं, तू विचारलंस, जयराजनं विचारलं, गावानं विचारलं, तर माझं नाव सांग.

लोभ ठेव असं आज कुठल्या तोंडानं लिहू? एवढंच मागते, की मला दारातून आत येऊ दे आणि ती काठी माझ्या हातात दे. तू नाही म्हणशील. तुझं पत्र येईल, आत दोनच ओळी असतील. तरी मी बॅग भरून ठेवली आहे.

तुझी,
अर्जुना