पेन्सिलीनं पुसलेला गाल

चाचा, काल लेकीनं माझा फोटो काढला. भिंतीवर लावायला, असं काही ती बोलली नाही. पण या वयात बाईला नवं लुगडं नेसवून उजेडात बसवतात ते कशासाठी, हे कळायला चौथीच्या पुढे शिकावं लागत नाही. मोबाईल माझ्या नाकासमोर धरून म्हणते, "आये, आधी तू सांग काय दिसतं. मग मी सांगते माझ्या मनात काय होतं." तुमचाच नियम. तेव्हापासून तुम्ही डोक्यातून हलत नाही, म्हणून लिहायला बसले.

निजामपुऱ्यात तुमच्या फोटो स्टुडिओच्या दोन्ही अंगांना कापडाचे लूम खडखडायचे. समोरचा माणूस बोलला तरी नुसते ओठ हललेले दिसायचे. शुक्रवारी लूम बंद, म्हणून तुमची हौशी मंडळी शुक्रवारी जमायची, शाळेतले गुरुजी, दवाखान्यातला कंपाउंडर आणि असेच दोघंचौघं. आपापले फोटो आणायचे. फोटो हातोहात फिरायचा, ज्याला जे दिसेल ते त्यानं बोलायचं, 'छान' म्हणायला बंदी. सगळ्यांचं झालं की काढणाऱ्यानं सांगायचं, हा का काढला. मला हे काही ठाऊक नव्हतं. त्या शुक्रवारच्या बैठकीत मी पहिल्यांदा आले ती भांडायला.

लेक लूमवर कामाला जायची तेव्हा धागा नेणारा धोटा उडून तिच्या गालावर बसला होता. टाके निघाले, खूण राहिली. त्यानंतर ती रस्त्यानं ओढणी गालावर ओढूनच चालायची. स्थळं बघायची म्हणून तिला तुमच्याकडे नेलं. मागे रंगवलेली बाग, तळ्यात हंस, पुढे माझी लेक. फोटो हातात आला तर गाल गुळगुळीत. तुम्ही निगेटिव्हच्या काचेवर पेन्सिल फिरवून खूण पुसून टाकली होती. आम्ही खूष झालो, खोटं कशाला सांगू. तो फोटो बघून पाहुणे आले, पोहे खाल्ले, आणि मुलाची मावशी सगळ्यांदेखत म्हणाली, "फोटोत येक नि पाटावर दुसरीच! फसवता काय आमाला?" लेक आत गेली ती दोन दिवस उंबऱ्याबाहेर आली नाही.

म्हणून त्या शुक्रवारी मी तुमच्या दारात उभी. गुरुजी कसलासा खाडीचा फोटो धरून बसलेले. मी तुम्हाला त्या रागात अरेतुरे केलं. "कोनी सांगितला होता पुसायला?" तुम्ही म्हणालात, "गो, मी डाग नाय पुसला. पोरीचं दुखणं पुसलं."

"दुखणं तिथंच हाय. तुझ्या पेन्सिलीनं तुझंच समाधान झालं."

तुम्ही उठलात. मला वाटलं, आता हाकलतात. तुम्ही फळीवरचा जुना डबा कॅमेरा काढून माझ्या हातात दिलात. "मग तूच काढ. सूर्य तुझ्या पाठीशी ठेव, नि हात नि तोंड दोन्ही स्थिर ठेव." कंपाउंडर हसला. माडीवरून तुमच्या घरच्या भाभीनं पाठवलेली तांदळाची गोड सांदणं मीही खाल्ली, राग पोटात असताना.

घरी आले तर लेक दाराशी चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसलेली, केसात कापसाचा भुगा. मी म्हणते, हस. नाही. मान वर कर. नाही. "ओढणी काढ गो, गाल काय चोरीचा हाय?" तशी ती ओढणी फेकून माझ्यावर ओरडली, "आये, बस कर आता!" आणि मी बटण दाबलं.

पुढच्या शुक्रवारी तो फोटो हातोहात फिरला. गुरुजी म्हणाले, हात हललाय. कंपाउंडर म्हणाला, तोंड उघडं आहे, मुलगी रागीट दिसते. खूण सगळ्यांना दिसली, तिच्याबद्दल कोणी बोललं नाही. तुम्ही म्हणालात, "आता तू बोल. का काढलास?" मी म्हटलं, "इचार येवढाच, का हिला बघायला येनाऱ्यानं आधी हेच बघावं. नाय पटलं तर माझं पोहं तरी वाचतील." सगळे हसले. तुम्ही नाही हसलात. कानामागची पेन्सिल काढून खणात ठेवलीत आणि विचारलंत, "स्टुडिओच्या बाहेरच्या काचेत लावू?" मी म्हटलं, लेकीचा गाल, लेकीला विचारा.

संध्याकाळी ती स्टुडिओत आली. फोटो उजेडात धरून स्वतःकडे बघू लागली. ती फोटो फाडेल म्हणून मी जवळ सरकले. ती म्हणाली, "आये, मी तुझ्यासारखी दिसते ओरडताना." मग तुम्हाला, "लावा चाचा. पन मधोमध लावा." परत जाताना ओढणी गालावर नव्हती, खांद्यावर होती.

त्याच फोटोवरून शेलार गावचं स्थळ आलं. मुलाची आई दारातून लेकीकडे बघते, फोटोकडे बघते, म्हणते, "हाय तशीच हाय. भांडकुदळ दिसते. बरं झालं, आमच्या घरात समदी मुकी." लग्नाचे फोटो तुम्ही काढलेत, एकावरही पेन्सिल न फिरवता. नंतर तुम्ही असेपर्यंत दर शुक्रवारी मी येत राहिले. फोटो बरे यायचे, बोलणं त्याहून बरं. तुमच्या काचेत मग कुणाच्या देवीच्या खुणा, कुणाचा पुढे आलेला दात, सगळं सुखानं बसू लागलं.

तर कालचं. मी मोबाईलकडे बघितलं आणि म्हटलं, "एक म्हातारी दिसते, कुणाला तरी शिव्या द्यायच्या तयारीत." लेक हसली, खुणेचा गाल वर गेला. म्हणाली, "माझ्या मनात तेच होतं."

हे पत्र कुठं टाकणार, तुमचा पत्ता आता वरचा. गादीखाली ठेवते. एकच सांगायचं राहिलं, लेकीला सांगू नका. त्या फोटोत माझ्या तोंडावर इतक्या सुरकुत्या आहेत की मला आधी तुमची पेन्सिल आठवली. थोडी चालली असती, चाचा. गळ्यापाशी तरी.