तुझ्यासाठी हलका केलेला फोटो

माय,

ड्यूटीवरून आलीस की तू आम्हा दोघा भावंडांना लगेच जवळ येऊ द्यायची नाहीस. धुळ्याच्या त्या दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये मागच्या दाराने शिरायचीस, न्हाणीत अंगावर पाणी घ्यायचीस, निळ्या काठाची पांढरी साडी बादलीत बुडवायचीस आणि मगच स्टोव्हपाशी येऊन बसायचीस. बाबांना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. बाळंतिणींच्या वॉर्डात तू आया होतीस, आणि भाकरी थापता थापता आम्हाला त्या दिवशी जन्मलेल्या लेकरांच्या गोष्टी सांगायचीस. कुणाचे कान बापासारखे, कोण जन्मल्याबरोबर शिंकलं, कोण किती वेळ रडायलाच तयार नव्हतं आणि मग तू त्याच्या तळपायाला टिचकी कशी मारलीस. दादा पिठाचा गोळा घेऊन लेकरू करायचा आणि तू त्याच्या हातावर मारायचीस, पण हसत.

एकदा मी तुझा डबा घेऊन वॉर्डात आले होते. तुझ्या हातात नुकतं पुसून गुंडाळलेलं बाळ होतं. मी वाकून पाहिलं आणि मोठ्याने म्हणाले, "केवढं कुरूप आहे गं." खाटेवरची त्याची आई ऐकत होती. तू बाळ तिच्या कुशीत ठेवलंस, माझा दंड धरून मला व्हरांड्यात नेलंस. एवढं चिडलेलं मी तुला क्वचितच पाहिलं. "आसं बोलू नही. जनमेल लेकरू सुजेल ऱ्हास. आठ दिन थांब, मंग दख." पुढे ती बाई बाळाला घेऊन डोस द्यायला आली, तेव्हा तू मला मुद्दाम बोलावून घेतलंस. "आते दख," म्हणालीस. मी पाहिलं. नाकडोळे जागच्या जागी आले होते, सगळं लेकरू कसं उजळून निघालं होतं. तुझ्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता की ते जणू तूच घडवलं होतंस.

दादा शिकला, पुण्याला गेला, तिथून अमेरिकेला. मी जळगावच्या शाळेत लागले आणि तू रिटायर झाल्यावर माझ्याकडे राहायला आलीस. तोवर साखरेने तुझे डोळे खायला सुरुवात केली होती. आधी सुईत दोरा जाईना, मग तांदळातले खडे दिसेनात, मग दारात उभा राहिलेला माणूस बोलेपर्यंत तू त्याच्याकडे नुसतीच बघत राहायचीस. पुढे किडन्याही गेल्या. दादाला मुलगा झाल्याचा फोन आला त्याच सुमाराला डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता फार दिवस धरून चालू नका. दादाचे व्हिसाचे कागद अडकलेले, बाहेर पडला तर परत जाता येईल की नाही याची खात्री नव्हती. फोनवर तो रडला. फोटो पोस्टाने पाठवतोच, म्हणाला, पण त्याला दिवस लागतील. तू इंटरनेटचं दुकान शोध, मी कॉम्प्युटरवरून पाठवतो, आजच्या आज मिळेल.

माझ्या शाळेच्या रस्त्यावरच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये सरांनी नुकतेच दोन कॉम्प्युटर आणले होते. टाइपरायटरच्या खडखडाटात एका कोपऱ्यात ते कापडाखाली झाकलेले असायचे. सरांनी फोनची तार जोडली, मशीन बराच वेळ किरकिरलं आणि मग फोटो यायला लागला. वरून खाली, रेघ रेघ. आधी भिंतीचा वरचा भाग, मग पडदा, मग खिडकी. खिडकीबाहेर पांढरं काहीतरी, बर्फ असावा. मग तुझ्या सुनेचे केस, तिचं कपाळ. आणि तिथेच लाईन तुटली. पुन्हा जोडली, पुन्हा भिंत, पुन्हा पडदा. लेकरू तिच्या मांडीवर, म्हणजे फोटोत खाली. तिथवर तो फोटो एकदाही पोचला नाही.

"ताई, फोटो लई जड आहे," सर म्हणाले. "आपल्या इथली लाईन एवढं ओझं नाही ओढत. भावाला सांगा, लहान करून पाठवा."

मी बूथवरून दादाला फोन लावला. तो म्हणाला, मायला दिसावं म्हणून तर मी एवढा मोठा पाठवला गं. सरांनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला आणि त्याला समजावलं. एक तर फोटो बारीक करायचा, नाहीतर मोठाच ठेवून त्यातला बारकावा कमी करायचा, म्हणजे थोडा पुसट होतो पण हलका होतो. शेवटी दादाने दोन्ही केलं. आधी कडेचं सगळं कापलं. भिंत गेली, खिडकी गेली, त्याची बायको गेली. मग उरलेला चेहराही लहान केला आणि वरून पुसट केला. सून हे सगळं त्याच्या शेजारी बसून बघत होती, असं त्याने नंतर मला सांगितलं. मला काप, ती म्हणाली, माझं काय, त्याला राहू दे.

तुला मी दुसऱ्या दिवशी घेऊन गेले. मी फोटो छापून घरी आणते म्हटलं तर सरांकडे छापायचं मशीन नव्हतं, आणि तू तर ऐकायलाच तयार नव्हतीस. "मी संगे येस," एवढंच. वेणी घालून घेतलीस, धुवट पातळ नेसलीस, जशी काही बारशालाच निघाली होतीस. रिक्षा सावद्याकडून आलेल्या केळीच्या ट्रकमागे अडकली तेव्हा तू रिक्षावाल्याला म्हणालीस, "चाल ना भाऊ, मना नातू वाट दखी ऱ्हायना."

सर तुला खुर्ची देतात. टायपिंगला आलेल्या मुलींचे हात थांबतात. फोटो उघडतो, या वेळी सबंध, एका दमात. पत्त्यातल्या पानाएवढा. एक गोल चेहरा, मिटलेले डोळे, आणि हनुवटीखाली कापायच्या राहिलेल्या सुनेच्या दोन बोटांची टोकं. तू पुढे वाकतेस, इतकी की तुझं नाक काचेला लागतं.

"कोठे शे?"

मी तुझं बोट धरून पडद्यावर ठेवते. सर फोटो मोठा करून बघतात, तर त्याचे चौकोन चौकोन होतात, चेहरा विस्कटून नुसते गव्हाळी रंगाचे ठिपके उरतात. पुन्हा लहान करतात. तू विचारतेस, कान डोक्याला चिकटेल शेत का मोकळा? भुवया शेत का? वॉर्डात विचारायचीस तसं, एकामागून एक. मी बघते. कान कुठे संपतो आणि टोपी कुठे सुरू होते ते त्या फोटोत कळत नव्हतं. भुवयांच्या जागी थोडी सावली होती. मी म्हणाले, माय, नीट नाही कळत गं. तू मान हलवलीस. रागावली नाहीस. काचेवरून हात फिरवलास, बाळाच्या टाळूवर तेल घालताना फिरवायचीस तसा, आणि म्हणालीस, "चाल, त्याले फोन लाव."

बूथमध्ये मी तुझ्या कानाला रिसीव्हर धरला. दादाचा आवाज एवढा मोठा होता की मलाही ऐकू येत होता. "माय, दिसला का गं? दिसला का?"

"दखा ना," तू म्हणालीस. "बठ्ठा, सगळा दखा. तुना बापसारखा शे."

मग तू म्हणालीस, आते त्याले मना कानजोडे धर. नातू झोपलेला होता. नुसता श्वास ऐकू येत होता, तोही समुद्रापलीकडून आल्यासारखा. तू सांगितलंस, तळपायले टिचकी मार. दादाच्याने होईना. सुनेने मारली असावी, कारण मग एकदम रडणं आलं, मोठं, रागावलेलं, फोनच्या तारेत न मावणारं. तू डोळे मिटून ऐकलंस. काउंटरवरचा माणूस मीटरकडे बघत होता, तू कुणाकडेच बघत नव्हतीस. "छाती मोकळी शे," एवढंच म्हणालीस आणि रिसीव्हर माझ्या हातात दिलास.

परत येताना रिक्षात तू माझा हात धरून ठेवलास. मी विचारलं, माय, खरंच काही दिसलं का? तू म्हणालीस, "त्याले नको सांगू." त्यानंतर तू दवाखान्यात गेलीस ती परत आली नाहीस.

पोस्टाने फोटो आला तेव्हा घरात अजून पाहुणे होते. मी पाकीट घेऊन स्वयंपाकघरात गेले. त्यात सगळं होतं, भिंत, पडदा, बर्फ, सून, आणि तिच्या मांडीवर तो. कान मोकळे होते माय, चांगले पुढे आलेले. भुवया जवळजवळ नव्हत्याच. तुझ्या फोटोपाशी तो ठेवावा असं सगळे म्हणाले, मला काही ते जमलं नाही. पुढे कधीतरी दादा आला, तेव्हा दारात चपला काढता काढताच त्याने मला विचारलं, तिला दिसला होता ना? मी म्हटलं, हो, सगळा दिसला. त्यावर तो जसा खाली बसून रडला, त्यानंतर वेगळं काही सांगायचं मी कधी मनातही आणलं नाही. हे लिहिलेलं त्याला दाखवावं असं आज एकदा वाटून गेलं. नाही दाखवणार. तुलाही पाठवायची सोय नाही.

फक्त एक राहिलं. त्या दिवशी तू विचारत होतीस आणि मला सांगता येत नव्हतं, तो सगळाच दोष फोटोचा नव्हता. पडद्याकडे मी नीट पाहिलंच नव्हतं माय. तू काचेला नाक लावून वाकली होतीस, आणि मी तुझ्याकडेच बघत होते.