बिजागऱ्यांना तेल दिल्यावर

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा जमेल तेवढंच वाकलोय असं समज). तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला गेला, की अजून वर्गात त्यांच्या आधी तोच पोचतो? आम्ही मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. फोनच केला असता, पण आई फोनशेजारी बसते आणि डोळे अगदी अधू झाले तरी तिचे कान अजून विशीतले आहेत.

आठ-दहा दिवसांपूर्वी भाऊजींनी मला फोनवर इंग्रजी शिकवलं. घरातली सगळी दारं दुरुस्त केली, रिझल्ट फर्स्ट क्लास, असं मी कौतुकानं सांगितलं, तर म्हणाले, रिझल्ट असू दे, कॉन्सिक्वेन्सचं काय? मला वाटलं दोन्ही एकच (मास्तर लोकांना एका भांड्याला दोन झाकणं लागतात). तर म्हणे, आपण ज्यासाठी हात घालतो तो रिझल्ट, आणि हात धुऊन बसल्यावर जे मागे लागतं ते कॉन्सिक्वेन्स. तेव्हा मी हसलो होतो.

ताई, मी दिवसभर लोकांच्या बिजागऱ्या आणि कुलपं दुरुस्त करत फिरतो आणि माझ्याच घरातलं एकेक दार असं रडायचं की गिऱ्हाईक घरी आलं तर तोंड दाखवायची सोय नव्हती. म्हणून त्या रविवारी सगळ्या बिजागऱ्या काढल्या, घासल्या, तेल देऊन परत बसवल्या (कंबर तिथेच धरली). संध्याकाळपर्यंत एकाही दाराचा आवाज येईना. हा झाला रिझल्ट. दुसऱ्या दिवशी तुझी भावजय चहा घेऊन आत गेली, आईला पत्ताच नाही, ती अशी दचकली की चहा शेजारी बसलेल्या माझ्या अंगावर. आईला सारं घर दारांवरून कळायचं, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. बाहेरचं दार कण्हलं की मी, स्वयंपाकघराचं किंचाळलं की सून, मधलं कुईकुई केलं की नात. आता कोण आलं, कोण गेलं, तिला काहीच कळेना. बिचारी नुसती मान वळवत बसायची, आणि मला ते बघवत नव्हतं.

मग उपाय सुरू झाले. आम्ही सगळे पाय आपटत चालू लागलो, तर खालच्या मजल्यावरचे वकील भांडण मिटवायला वर आले. दारांना घंटा बांधल्या, तर सगळ्यांचा आवाज एकच, त्यामुळे आईनं मला सून समजून माझ्याच तक्रारी मला सांगितल्या (त्या खऱ्या होत्या, पण तो विषय वेगळा). शेवटी पुन्हा वाजाव्यात म्हणून बिजागऱ्या साबणानं धुतल्या, वर पाणी मारलं, तरी त्या ढिम्म. इतकं चोख काम मी आजवर गिऱ्हाइकाकडेसुद्धा केलेलं नाही.

आणि आता आईनं बॅग भरली आहे. थोडे दिवस लेकीकडे जाते म्हणते, पण थोड्या दिवसांसाठी कुणी गोधडी आणि बाबांचा फोटो बांधून घेत नाही. तू लगेच तिकीट काढलंस, त्यात तुझं काही चुकलं नाही. तुझ्याकडे तिचे हाल होणार नाहीत हेही मला ठाऊक आहे. पण ती गेली तर हे घर खायला उठेल गं.

तुझा,
धाकटा

ता. क. – खरं काम असं की, तू आईला फोन करून सांग, आमचं घर रंगवायला काढलंय, आत्ता येऊ नकोस. खोटं बोलल्याचं पाप माझ्या नावावर.

ता. क. – वरची ता. क. विसर आणि तिकीट रद्द कर. एवढं काय खरडतोयस म्हणून आईनं पत्र वाचून दाखवायला लावलं. एक शब्द गाळू दिला नाही. ऐकून म्हणाली, "घंटा बांधल्यास, पाय आपटलेस, शेजाऱ्यांना वर आणलंस. अरे, येताना तोंडानं 'आई, मी आलो' म्हणायला काय झालं होतं?"

मी उठलो, बाहेर गेलो, पुन्हा आत आलो आणि म्हटलं, "आई, मी आलो."

"मग उभा काय राहिलायस," ती म्हणाली, "ती बॅग माळ्यावर टाक."